ब्रेकवरचा पाय

१

जुनी गाडी विकत घेतली की आधी तिच्या पोटातलं सगळं बाहेर काढायचं, असा त्या गॅरेजचा शिरस्ता होता. आधीच्या मालकाचं ऑइल, आधीच्या मालकाचं पाणी, त्याच्या रस्त्यांची धूळ बसलेला फिल्टर, सगळं बाहेर. आपलं घातलं की मग गाडी आपली. लोकांच्या गाड्यांना हा नियम मिस्त्री लावायचा. आता घरच्याच गाडीला लावायची वेळ आली होती आणि लावणार होती त्याची बायको, कारण मिस्त्रीचा उजवा पाय गेला होता.

गेला म्हणजे होता जागच्या जागी. जॅक सरकून गाडी मांडीवर बसली. हाड जुळलं, पण शीर दबली ती दबलीच. चालताना तो पाय पोत्यासारखा मागून ओढत यायचा. चप्पल कुठे गळून पडली हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागे. त्या दिवसापासून गॅरेज बायकोने ओढलं. कमरेला कायम पाना खोचलेला, म्हणून गल्ली तिला पानाबाई म्हणे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आणि अशा ह्या माणसाने एका सकाळी टेम्पोत घालून स्पोर्ट्स कार आणली. दोन दारांची, राखाडी, पोट जमिनीला टेकेल इतकी बसकी. कुणाच्या तरी शेडमध्ये ताडपत्रीखाली कैक वर्षं पडून होती म्हणे.

"स्वतःची चप्पल सांभाळता येत नाही तुम्हाला," पानाबाई म्हणाली, "आणि ही बया कोण चालवणार? मी?"

"चालवायची कुठे म्हणतोय? नुसती चालू करू. इंजिनाचा आवाज ऐकायचाय गं."

"आवाजच ऐकायचा तर माझा पुरतो की."

"तो रोजचाच आहे. सर्व्हिसिंग न झालेला."

कित्येक महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. आज त्याला थट्टा सुचत होती. पानाबाईने मुकाट्याने बाह्या सरसावल्या.

बॅटरी मेलेली होती, ती बदलली. टायर भेगाळले होते, ते उतरवले. ऑइल काढलं तर डांबरासारखं काळं निघालं. फिल्टरमध्ये उंदराने घर केलं होतं. सगळं जसं असायला हवं तसंच. मग ती आत शिरली आणि फडक्याने धूळ पुसायला लागली. डॅशबोर्डवर धूळ, सीटवर धूळ, गिअरवर, क्लचवर, अॅक्सिलेटरवर बोटभर धूळ. ब्रेकच्या पॅडलवर मात्र अजिबात नाही. त्याचं रबर स्वच्छ होतं, काळंभोर, रोज वापरात असल्यासारखं.

टेम्पोवाल्याने गाडी उतरवताना पाय ठेवला असेल, असं म्हणून तिने तेही पुसलं.

२

ब्रेकचं ऑइल बदलायला दोन माणसं लागतात. एक सीटवर, एक गाडीखाली. वरच्याने पॅडल दाबून धरायचं, खालच्याने चाकाजवळचा स्क्रू सैल करायचा. जुनं ऑइल बुडबुड्यांसकट नळीतून बाटलीत येतं. स्क्रू आवळला की वरच्याने पाय उचलायचा. मधे पाय उचलला तर नळीतून हवा आत जाते आणि सगळी मेहनत पाण्यात.

लग्न झाल्यापासून सीटवर ती बसत आली होती आणि खालून मिस्त्री ओरडत आला होता, "दाब! सोड!" आता उलटं झालं होतं. लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवलेल्या गाडीखाली ती चाकांच्या फळीवर उताणी पडून सरकली, फक्त तिचे पाय बाहेर राहिले. शेजारच्या शेडमधला लोखंड कातणारा लेथ किंचाळत होता, त्यात वरच्याचा आवाज ऐकू यायचा नाही. त्यासाठी त्यांची जुनी खूण होती. दाबलं की दारावर एक ठोका, सोडलं की दोन.

"डाव्या पायाने दाबा, उजव्याच्या नादी लागू नका," तिने आधीच बजावलं होतं. मग खालून आरोळी दिली, "दाब!"

नवऱ्याला एकेरीत हुकूम सोडायची जगात तेवढी एकच जागा होती. तिला त्यात मजा वाटायची.

ठोका पडला. तिने स्क्रू सैल केला. ऑइल अशा जोराने आलं की नळी बाटलीतून उसळली. मिस्त्री धडधाकट होता तेव्हाही तिने असा दाब पाहिला नव्हता. "सोड!" दोन ठोके. "दाब!" एक ठोका. घाई नाही, दमणं नाही, चूक नाही. मागची चाकं झाली. ती फळी सरकवत पुढे आली.

"अरे मेल्या, पाय आला की तुझा!" ती खालून ओरडली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटचं चाक. बाटलीत स्वच्छ, मधासारखं ऑइल यायला लागलं. "धरून ठेव!" असं म्हणून तिने स्क्रू आवळला आणि त्या आनंदात "सोड" म्हणायचं विसरून ती फळीसकट बाहेर आली.

समोरून, लेथवाल्याच्या शेडमधून, मिस्त्री काठी टेकत येत होता. हातात नवीन वॉशर होता.

"झाली का तयारी?" त्याने विचारलं. "ह्यानेच बसवलं बोलत. तू काही सुरू केलं नाहीस ना अजून?"

"वहिनी, मी नाही हो," लेथवाला मागून म्हणाला. "दादाच सोडत नव्हते. लेथवर वॉशर होतोय तोवर चहा घेतला, वर त्या गाडीचं पुराण सांगत बसले."

३

पानाबाई दारापाशी गेली. सीट रिकामी होती. ब्रेकचं पॅडल थेट तळाला टेकलेलं होतं आणि तिथेच होतं. कोणी वर बसलेलं नसताना.

तिने मनात यादी लावली, मिस्त्रीची बायको होती ती. गाडी इतकी वर्षं उभी. रबर फुगलं असेल, दांडा अडकला असेल, स्प्रिंग मेली असेल. आणि ठोके? पत्रा उन्हाने तापला की वाजतो. लेथ चालू असला की आख्खी शेड हादरते. ती खाली वाकली आणि पॅडल बोटाने वर उचलायला गेली. पॅडल हललं नाही. अडकलेलं पॅडल कसं लागतं हे तिला ठाऊक होतं, लोखंडाला लोखंड लागल्यासारखं मुर्दाड. हे तसं नव्हतं. ती जोर लावेल तितका समोरून जोर येत होता. ती थांबली की तोही थांबत होता.

मिस्त्री गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभा राहून बॉनेटवरून हात फिरवत होता.

पानाबाईने ओठांतल्या ओठांत म्हटलं, "सोड."

दारावर दोन ठोके पडले. तिच्या कानाजवळ. पॅडल सावकाश, शिस्तीत वर आलं.

"काय गं, काय झालं? तोंड का असं?"

"काही नाही. ऊन लागलं."

"बघू जरा, बसतो आत," म्हणत मिस्त्रीने अवघडून सीटवर अंग टाकलं आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. तिने त्याला अडवायला तोंड उघडलं तोवर पॅडल खाली गेलं होतं. मिस्त्रीने खाली पाहिलं. पुन्हा वर आलं, पुन्हा गेलं.

"अगं," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "अगं, हा माझा पाय दाबतोय."

त्यानंतर तिला काही सांगता आलं असतं का? कोणत्या तोंडाने सांगायचं होतं?

४

मिस्त्री गाडीत बसायला लागल्यापासून घरातही सुधारत गेला. आधी पाय उचलायला लागला, मग काठी विसरायला लागला. जेवताना बोलायचा, गल्लीतल्या पोरांना ओरडायचा, बायकोला चिडवायचा. डॉक्टर म्हणाले, शिरा कधी कधी उशिरा जाग्या होतात. पानाबाईने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. शिकलेला माणूस सांगतो म्हणजे काही असेलच. भांडी घासताना ती ते मनात घोळवायची.

एका दुपारी लेकीचा फोन आला. ती लांबच्या शहरात होती, नुकतीच बाळंत झालेली. बापाला अजून नात दाखवता आली नव्हती म्हणून दर वेळी रडायची.

"आई, बाबा खरंच चालतात? की माझ्या समाधानासाठी सांगतेस?"

"खरंच गं. आता सोड ना तो विषय, बाळ काय करतंय ते सांग."

स्वयंपाकघराची भिंत आणि शेडची भिंत एकच होती. तिच्या पलीकडून दोन ठोके आले.

आणि खुर्चीत पेपर वाचणाऱ्या मिस्त्रीचा उजवा पाय मांडीवरून सुटून फरशीवर धपकन पडला. त्याने खाली पाहिलं, हसला, पुन्हा मांडीवर घेतला. "मुंग्या आल्या," म्हणाला.

त्या दिवसापासून पानाबाई शब्द निवडून बोलायला लागली. तोफखाना म्हणून गाजलेली बाई, ती तोंड उघडण्याआधी थांबायला लागली. गिऱ्हाइकांना वाटलं, बाईची तब्येत बरी नाही.

५

गाडी रस्त्यावर काढायचा दिवस आला तेव्हा ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"तुला गाडी लागते," मिस्त्री म्हणाला.

"लागू दे. मी येणार."

चालवायला तो पहिल्यापासून हुशार. गावाबाहेरचा टेकडीचा रस्ता लागला आणि त्याने अशी काही गाडी वळवली की क्षणभर तिला लग्नानंतरचे दिवस आठवले. खिडकीतून वारा येत होता. मिस्त्री शीळ घालत होता.

टेकडीवरून उतार सुरू झाला तसं तिने ठरवून खाली पाहिलं.

त्याचे दोन्ही पाय मागे होते. सीटखाली, टाचा आत घेऊन, शाळेत बाकावर बसलेल्या मुलासारखे. वळण आलं. ब्रेकचं पॅडल खाली गेलं. त्याच्या पुढे पायाखालची सतरंजी होती, जाड लोकरीची, तिनेच धुऊन घातलेली. त्या लोकरीत टाचेएवढा खळगा पडलेला होता. पॅडल वर आलं तसा खळगा किंचित डावीकडे सरकला. पुढच्या वळणाला तो पुन्हा उजवीकडे आला.

"बघितलंस?" मिस्त्री म्हणाला. "काय पाय चालतोय! माझा मलाच कळत नाही कधी दाबतो ते."

"समोर बघा," ती कसंबसं म्हणाली.

"आता मी एकटा जाणार आणि लेकीला, नातीला ह्याच गाडीतून आणणार. ठरलं. तिला सांगूनही टाकलंय. तिला म्हटलं, तू नातीला मांडीवर घेऊन पुढे बस, बाकी आजोबांवर टाक."

पानाबाईने सीटची कड धरली. जे दाबतं ते एखाद्या उतारावर न दाबायलाही मोकळं होतं. आणि तिच्याखेरीज ह्या जगात कोणालाही माहीत नव्हतं, की ब्रेक आजोबांच्या पायाखाली नाही.

६

निघायच्या आदल्या दुपारी मिस्त्री जेवून आडवा झाला तेव्हा ती शेडमध्ये गेली. एक शब्द न बोलता तिने चारी चाकांजवळचे ब्रेकचे स्क्रू उघडले. ऑइल टपटपत खाली आलं, ते तिने पातेल्यात धरलं, नाल्यात ओतलं. गाडी पुन्हा घोड्यांवर चढवली, चाकं काढली आणि लेथवाल्याच्या शेडमागे नेऊन टाकली. आता ही बया हलून दाखवू दे, असं मनात म्हणत तिने हात धुतले.

खोलीत काहीतरी पडलं. ती धावत गेली.

मिस्त्री पलंगाशेजारी जमिनीवर बसला होता. उजवा पाय समोर वेडावाकडा पडला होता.

"पाय गेला गं," तो म्हणाला.

तिने त्याला उचलून बसवलं, पाय चोळला, गरम पाण्यात घातला. पाय आधी होता त्याहून थंड होता. चाकं काढलेली कळल्यावर तो तिच्यावर ओरडेल, पाना फेकून मारेल, अशी तिने तयारी ठेवली होती. त्याऐवजी तो खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करून बसला. लेकीने फोन केला तर घ्यायला नकार दिला. जेवण समोर ठेवलं तर तसंच राहायला लागलं.

"बोला की माझ्याशी," एका सकाळी ती म्हणाली. "शिव्या घाला हवं तर."

"कशाला?"

"चाकं मी काढली म्हणून."

"बरं केलंस," तो म्हणाला. "नाहीतर पाय मधेच रस्त्यात गेला असता. पोरगी असती, बाळ असतं गाडीत." मग त्याने दोन्ही हातांनी पाय उचलून सरळ ठेवला. "एकदाच परत आला होता बघ. तेवढाच. नसता आला तर बरं झालं असतं."

पानाबाईने त्याची दाढी केली. ब्लेड गालावरून फिरत होतं तरी त्याने डोळे मिटले नाहीत, की तिच्याकडे पाहिलं नाही. मेलेल्या माणसाची दाढी करावी तशी ती झाली. ताट तसंच उचलून ती स्वयंपाकघरात आली आणि मोरीपाशी उभी राहिली. नळ वाहत होता, तो तिने बंद केला नाही.

७

दुपारचं ऊन शेडच्या दारातून आत आलं होतं. लेथवाला जेवायला गेला होता, त्यामुळे सगळीकडे शांत होतं. पानाबाईने नवीन ब्रेक ऑइलचा डबा फोडला आणि टाकी भरली. गाडी घोड्यांवर होती, चाकं नव्हती, ती कुठे जाणार नव्हती. तिने तसं मोठ्याने सांगितलंही. समोर कोणी नसताना, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, कमरेवर हात ठेवून.

"गाडी इथून हलणार नाही. माझ्या पोरीला, नातीला तुझ्या नादी लावणार नाही. पण ह्यांचा पाय परत द्यायचा. बदल्यात काय लागेल ते माझ्याकडून घे. लबाडी केलीस तर कापून भंगारात घालीन, सांगून ठेवते."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. रिकाम्या गाडीशी भांडते आहे. गल्लीने ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं. तरी ती फळीवर उताणी पडली आणि खाली सरकली. पाय बाहेर, बाकी सगळी गाडीच्या पोटाखाली. नळी लावली, बाटली धरली, पाना स्क्रूवर ठेवला.

"दाब," ती म्हणाली.

दारावर ठोका पडला नाही. वरच्या सीटवर काही हललं नाही. तिने वाट पाहिली. तापलेल्या पत्र्यावर एक पाखरू चालत होतं, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

मग तिच्या उजव्या पायाच्या तळव्याला तळवा लागला.

थंड होता, रुंद होता, अनवाणी होता. आधी नुसता टेकला, अंदाज घेतल्यासारखा. तिने मान उचलून गाडीखालून बाहेर पाहिलं. उन्हाच्या पट्ट्यात तिची स्वतःची पावलं उभी दिसत होती. डावं एकटं होतं. उजव्या पावलाच्या बोटांवर मागून आणखी बोटं दिसत होती, तिच्यापेक्षा लांब. त्यांच्यापलीकडे पाय असायला हवा तिथे शेडचं उघडं दार होतं, आणि ऊन.

तळवा दाबायला लागला. सावकाश, शिस्तीत, थेट तळापर्यंत. तिचं पाऊल मागे वळलं, शीर ताणली गेली आणि बोटांतली जाणीव विझत गेली. हातातली नळी बुडबुडली. बाटलीत ऑइल आलं.

घरात भांडं पडलं. मग खुर्ची सरकली. मग पावलं वाजली. एक टेकत आणि एक ओढत, असा तिच्या ओळखीचा आवाज होता. हा तसा नव्हता. दोन्ही सारखी पडत होती, भराभर, शेडकडे येत होती.

"अगं!" मिस्त्री ओरडत होता. "अगं, कुठे आहेस? पाय बघ माझा! अगं ए!"

तिच्या घोट्याच्या खालचं आता तिला काही कळत नव्हतं. गारठा पोटरीपर्यंत चढला होता आणि चढतच होता. तिच्या तोंडातून 'सोड' निघालं असतं तर तळव्यावरचा तो पाय उचलला गेला असता, आणि दारापर्यंत पोचलेला मिस्त्री तिथेच कोसळला असता.

पानाबाईने दात घट्ट मिटून घेतले आणि पडून राहिली.